जोडलेली पानं

१

पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट रत्नागिरीच्या बंदराबाहेर येऊन थांबली, तेव्हा कमळा मयेकर तासभर आधीपासून मांडवीच्या धक्क्यावर छत्री घेऊन उभी होती. तिच्याकडे कुणी पाहुणा यायचा नव्हता. यायच्या होत्या दोन लाकडी पेट्या. बोटीवरचं सामान धक्क्याला आणणाऱ्या पडावातून उतरवताना हमालाने त्यांतली एक धप्पकन खाली टाकली, आणि कमळा अशी काही किंचाळली की आजूबाजूचे चार लोक वळून बघायला लागले.

"बाय, काचेचा सामान हाय काय आत?"

"पुस्तकं आहेत."

"मंग फुटतंय काय त्यात?" हमाल म्हणाला आणि त्याने दुसरी पेटीही तशीच टाकली.

गोष्ट एकोणीसशे चौतीस सालची. कमळाचं वय बावीस. बाप आगबोटीवर खलाशी, आई सोनूबाई मांडवीला मासे सुकवून विकणारी, आणि मुलगी मात्र बडोद्याला जाऊन ग्रंथालयाचा वर्ग पास होऊन आलेली. पुस्तकं कपाटात लावायची ती काय, त्यासाठी परमुलखात जाऊन शिकावं लागतं का, हा प्रश्न मांडवीपासून वरच्या आळीपर्यंत प्रत्येकाने तिला एकेकदा विचारून घेतला होता. सुरुवातीला ती उत्तर द्यायची. मग नुसती हसायला लागली.

वरच्या आळीतल्या वाचनालयाने तिला घेतलं ते उमेदवारीवर. तिथले कार्यवाह रावजीपंत आठल्ये, पेशाने वकील. माणूस भला, पण सगळ्यांना खूश ठेवण्याच्या नादात स्वतः कायम घामाघूम. त्यांनी वाचनालयाच्या व्यवस्थापक मंडळींशी वाद घालून इमारतीची मागची खोली बायकांसाठी मोकळी करून घेतली होती. मंडळींनी मान डोलावली, पण अट घातली: दसऱ्यापर्यंत वीस बायका वाचक म्हणून नोंदल्या गेल्या पाहिजेत. खरोखर वाचणाऱ्या, नुसती नावं नकोत. नाही झाल्या तर त्या खोलीत बुद्धिबळाचा पट पडेल आणि कमळाबाई आपल्या घरी.

कमळाला ती खोली हवी होती. लहानपणी ती याच इमारतीच्या खिडकीखाली उभी राहून आत पुरुष मोठ्याने वर्तमानपत्र वाचत ते ऐकायची, आणि कुणी 'काय गं पोरी' म्हटलं की पळायची. आता किल्ली तिच्या कमरेला होती. दिवसातून दहादा ती ती चाचपून बघायची.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. बडोद्याला पुस्तक पाच मिनिटांत ओळखायला शिकवलं होतं: नावाचं पान, प्रस्तावना, अनुक्रम, मधलं एखादं पान, शेवटचं पान. तेवढ्यावर वर्ग ठरवायचा, यादीसाठी त्याची पत्रिका लिहायची, पुढचं पुस्तक घ्यायचं. त्या विद्येत ती पहिली आली होती. आणि गेल्या दीड वर्षात तिने एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

२

बायकांची खोली लांबट होती. एका भिंतीला उंच सागवानी कपाट, समोर बाक, मागच्या अंगणात उघडणारं दार आणि दारापलीकडे रातांब्याचं झाड. पाऊस लागला की कौलांवरचा आवाज इतका भरून यायचा की बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागे.

त्या काळी नवं पुस्तक यायचं ते पानं जोडलेलं. मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे शिवलेले असत; वरची कड आणि बाजूची कड बंद. वाचणाऱ्याने सुरीने कडा कापत जायचं. वाचनालयात ते काम ग्रंथपालाचं. कमळाने बडोद्याहून खास शिसवी सुरी आणली होती आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यात ती रोज चारपाच पुस्तकांची पानं कापत बसली.

त्यांत एक कादंबरी होती, दोनशे आठ पानांची. गलबतावर गेलेला भाऊ परत येत नाही म्हणून बहीण त्याच्या शोधाला निघते, असं काहीसं. हे कमळाला प्रस्तावनेवरून कळलं होतं. तिने प्रस्तावनेचा पहिला फर्मा कापला, तेवढ्यात पुढच्या दालनातून कुणीतरी हाक मारली आणि पुस्तक तसंच राहिलं. आठ दिवसांनी तिने ते पुन्हा घेतलं आणि दुसरा फर्मा कापला.

अठराव्या पानावर नखाच्या खुणा होत्या.

पहिल्यांदा तिला त्या दिसल्याही नाहीत. पान खिडकीकडे तिरपं धरलं तेव्हा दिसल्या. प्रत्येक अक्षराखाली नख दाबल्याची बारीक रेघ, मग जराशी जागा, मग पुढच्या अक्षराखाली रेघ. पहिलीतलं पोर बोट ठेवून वाचतं तशी. चौदाव्या ओळीपर्यंत खुणा होत्या, पुढे पान स्वच्छ.

कमळाने सुरी खाली ठेवली. हे पान तिने आत्ता, या क्षणी कापलं होतं. त्याआधी ते दोन्ही बाजूंनी बंद होतं.

३

ती घाबरली नाही. शिकलेली मुलगी होती, तिने कारण शोधलं. छापखान्यात घडी पडण्याआधी एखाद्या पोराने हा कागद समोर धरून अक्षरं गिरवली असणार. झालं. सुटलं कोडं. तिने त्या दिवशी पुढे पानं कापली नाहीत, कारण काम बरंच होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

चार दिवसांनी तिने तिसरा फर्मा कापला. चौतिसाव्या पानापासून सदतिसाव्यापर्यंत खुणा. पण आता अक्षराखाली नव्हत्या, अख्ख्या शब्दाखाली होत्या.

तिने मागे जाऊन दुसरा फर्मा पाहिला. अठराव्या पानावरच्या चौदा ओळी, आणि त्यानंतर काही नाही. उघडी पानं जशीच्या तशी कोरी. जो कुणी होता, त्याचं वाचन तिने पानं कापताच तिथे थांबलं होतं आणि तो पुढच्या बंद पानांत जाऊन बसला होता.

छापखान्यातलं पोर आता उपयोगी पडेना. कमळाने मग वाळवीचा विचार केला, दमट हवेने कागद फुगण्याचा विचार केला, आपल्या डोळ्यांचाही केला. शेवटी ती खरं खोटं करायला बसली. चौथ्या फर्म्याची खालची कड उघडी असे. तिथून घडी जराशी फुलवली की नळीत डोकावल्यासारखं आत बघता यायचं. तिने आत पाहिलं. पन्नासाव्या पानावर काही नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा डोकावली. पन्नासाव्या पानावर, ओळीखाली सलग, न थांबता ओढलेली नखाची रेघ होती.

तिने त्या पुस्तकाला पुन्हा सुरी लावली नाही. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. भीती होतीच, पण तिच्या जोडीला आणखी काहीतरी होतं. हे जे काही होतं, ते वाचायला शिकत होतं. आणि फार भराभर शिकत होतं.

४

इकडे वाचक जमता जमेनात. पहिल्या आल्या आनंदीबाई, कोर्टातल्या कारकुनाची बायको. तीन वाजता स्वयंपाकघर आवरून, पदर घट्ट लपेटून त्या अशा आल्या की जणू चोरी करायला निघाल्यात. पाकशास्त्राचं पुस्तक मागितलं, आणि निघताना हळूच म्हणाल्या, "दुसरंही काही असलं तर चालेल हो. गोष्टीचं." मग त्यांच्या शेजारणी आल्या, मग शाळेतल्या दोन शिक्षिका, मग दवाखान्यातली सुईण. श्रावणात अकरा झाल्या, गणपतीनंतर सोळा, भाद्रपद संपताना एकोणीस. मग गाडं अडलं ते अडलंच.

रावजीपंत येऊन खुर्चीत बसले, घाम पुसला.

"कमळाबाई, एकच तर कमी आहे. तुमच्या आईचं नाव टाका ना."

"आईला वाचता येत नाही, पंत."

"कोण विचारायला बसलंय?"

"मी बसलेय," कमळा म्हणाली. "वाचकाच्या तिकिटावर सही माझी असते."

पंत खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी चार वाजता मी नोंदवही बघायला येतो. देव करो आणि कुणीतरी येवो."

५

सोनूबाई रोज बाराला लेकीची भाकरी घेऊन यायची. इरलं पाठीवर, हातात फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. मंडळींपैकी काहींना वाचनालयात सुकटाचा वास नको होता, म्हणून मायलेकी मागच्या दारात पायरीवर बसून जेवायच्या. जेवण झालं की कमळा पुढच्या दालनात पत्रिका लिहायला जायची आणि आई पाऊस कमी होईपर्यंत बायकांच्या खोलीत बाकावर टेकायची. तीनपर्यंत तिथे दुसरं कुणी येत नसे. कमळाला वाटायचं, आई डुलकी काढते. पाऊस ओसरला, ऊन पडायला लागलं, तरी आई टेकायचीच. त्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

दसऱ्याला पाच दिवस उरले असतील. भाकरी मोडता मोडता सोनूबाई म्हणाली, "कमळे, त्या पोरीचा भाव जित्ता हाय काय गो?"

"कुठल्या पोरीचा?"

"गलबतावर गेला त्येचा. ती त्येला शोदत हर्ण्याच्या बंदरात गेली, तितं त्या म्हाताऱ्या तांडेलानं तिला आंगठी दाकवली. फुडं काय जालं?"

कमळाचा घास हातातच राहिला. पुस्तकात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. शेवटचं पान तेवढं तिने आल्या आल्या पाहिलं होतं, तिच्या त्या पाच मिनिटांपुरतं, आणि त्यावर ना तांडेल होता ना अंगठी.

"आये, हे तुला कुणी सांगितलं?"

"ती वाचते ना. तुजी ती मदतीची पोर." सोनूबाई चटणी बोटाने निपटत म्हणाली. "आदी अक्षर अक्षर लावी, मला तर झोपच येई. आता बरी वाचते. कदी अडली की म्हनते, तू बग, ह्ये कसलं अक्षर, आनी फटीशी धुळीत काडून दाकवते. मला काय येतंय? पन बगून बगून थोडं कळायला लागलं."

"कुठे बसते ती?"

"कपाटामागं. लाजते. मी म्हटलं, बाय, भायर ये, उजेडात बस. तर गपच बसली."

पायरीवर ऊन होतं. रातांब्यावर कावळा बसला होता. कमळाने हातातला घास फडक्यावर ठेवला.

"आनी ऐक," आई म्हणाली. "ती म्हनते, मदली पानं तू काडून घेतलीस. तिला तितलं कायच म्हायती नाय."

६

कपाट आणि भिंत यांच्यामधली फट चार बोटं होती. कमळाने ती मोजली. एकदा स्वतःच्या बोटांनी आणि एकदा पट्टीने, कारण बोटांवर तिचा विश्वास उरला नव्हता. आत कोळ्याचं जाळं होतं, खाली चुन्याचा खपला पडला होता. जाळं अखंड होतं. फुंकर घातली तर हललं, तेवढंच.

तिने कादंबरी कपाटातून काढली आणि बाकावर बसली. आई घरी गेली होती. पुढच्या दालनात कुणीतरी खोकत होतं, घड्याळाची टकटक ऐकू येत होती, आणि या रोजच्या आवाजांचा तिला फार आधार वाटला.

बारावा फर्मा. शेवटून दुसरा. तिने खालची कड जरा फुलवली, खिडकीतला उजेड आत जाईल असं पुस्तक फिरवलं आणि डोळा लावला.

आत छापील ओळी दिसत होत्या, लांब जाणाऱ्या. त्यांतल्या एकीखाली रेघ उमटत होती.

उमटलेली नव्हे. उमटत होती. कागदावर एक छोटा खळगा पडत होता आणि तो डावीकडून उजवीकडे सरकत होता, एका चालीने, जराही घाई न करता. ओळ संपली. पुढची सुरू झाली. अर्ध्यावर आला आणि थांबला.

खळगा थांबलाच होता. शब्द अवघड होता म्हणून थांबला असेल, असं तिचं मन म्हणालं, आणि त्याच मनाला ठाऊक होतं की तसं नाही. वाचणाऱ्याला कळतं, कुणी खांद्यावरून बघतंय ते.

तिने पुस्तक मिटलं नाही. टाकलंही नाही. जपून बाकावर ठेवलं आणि पुढच्या दालनात जाऊन उभी राहिली, जिथे एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचता वाचता घोरत होते. त्यांच्या घोरण्याइतकी गोड गोष्ट तिने आयुष्यात ऐकली नव्हती.

७

त्या रात्री तिने आईला सांगितलं की उद्यापासून खोलीत बसायचं नाही.

"का?"

"तिथे कुणी मदतीची पोर नाही, आये. मी कुणालाच ठेवलेलं नाही."

सोनूबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती खलाशाची बायको. तिचा नवरा वर्षातले दहा महिने पाण्यावर असे, आणि जे दिसत नाही ते आहे असं धरून चालायची तिला सवय होती.

"मला वाटलंच होतं जरा," ती म्हणाली. "पन वाचते तर चांगली. तुला काय केलं तिनं?"

"काही नाही."

"तू तिला केलंस. वाचनाऱ्याच्या हातातलं पुस्तक वडून घेतलंस. तुज्या शाळंत ह्ये शिकवलं काय?"

आईचं बोलणं वर्मी लागलं. रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि सकाळी भीती होती तशीच होती, पण त्या भीतीपेक्षा लाज जास्त झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत आली, कपाटाकडे पाठ करून बाकावर बसली, आणि अठराव्या पानाच्या पंधराव्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. आवाज कापत होता. मानेवर थंडगार काहीतरी असल्यासारखं वाटत होतं. दोन पानं ती नुसती शब्द उच्चारत गेली. तिसऱ्या पानावर बहीण भावाची पेटी उघडते आणि आत त्याचा एकच जोडा निघतो, दुसरा नाही. तिथे कमळाचा आवाज कापायचा थांबला. तिला पुढचं हवं होतं. ती भराभर वाचायला लागली, हावऱ्यासारखी.

मागे लाकडावर नख वाजलं. टक.

ती थांबली. मग तिने पानाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की घाईत तिने एक ओळ गाळली होती.

तिने ती ओळ वाचली. मग पुढची. बत्तिसाव्या पानापर्यंत, आणि नंतर तिसऱ्या फर्म्यातली राहिलेली पानंही. संपलं तेव्हा तिचा घसा बसला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. दीड वर्षाने ती एका गोष्टीत होती. पुढचं वाचायचं तर फर्मे कापावे लागले असते. तिने सुरीला हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईशेजारी बाकावर जाऊन बसली. कपाटामागून बारीक आवाज येत होता, कुणीतरी पदर तोंडावर धरून वाचावं तसा. कमळाने आईचा हात धरून ठेवला आणि ऐकलं.

८

दसऱ्याच्या आदल्या दिवशी चार वाजता रावजीपंत आले. नोंदवहीत एकोणीस नावं होती. आनंदीबाई आणि आणखी तिघी मुद्दाम येऊन बसल्या होत्या, नातलगाच्या आजारपणाला बसावं तशा. सोनूबाई बाकाच्या टोकाला कपाटाजवळ होती.

"एकोणीस," पंत हळहळून म्हणाले. "काय हो हे, कमळाबाई."

"इसावी मी," सोनूबाई म्हणाली.

कमळाने चमकून आईकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं. पंतांनाही बरं वाटलं, पण वकिलाचा पिंड. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र पुढे केलं. "मग दोन ओळी वाचा बरं. म्हणजे मला मंडळींना छातीठोकपणे सांगता येईल."

सोनूबाईने कागद जवळ धरला, मग लांब धरला. "दा… पोली… तालुक्यात… भाताचं… पीक… बरं…" बायका पुढे सरसावल्या. एका जोडाक्षरापाशी सोनूबाई अडली. तिने मान डावीकडे, कपाटाकडे जराशी कलती केली. थांबली. मान हलवली. आणि शब्द बरोबर म्हटला.

"वाहवा!" पंत टाळी वाजवून म्हणाले. "झाली विसावी. लिहा नाव."

टाक कमळाच्या हातात होता. खोली वाचली होती. फक्त नाव लिहायचं होतं. पण ती मान कलती झालेली तिने पाहिली होती, आणि आता प्रश्न तिचा होता: वाचलं ते आईने, की आईला कुणी सांगितलं?

"थांबा, पंत," ती म्हणाली. "आये, बाहेर ये."

"अहो, काय करता?" पंत घाबरे झाले. "झालं ना वाचून!"

"इथे नको. बाहेर वाचू दे."

तिने आईला हाताला धरून पुढच्या दालनातून रस्त्यावर आणलं. मागोमाग सगळी मंडळी. समोर दिव्यांच्या दुकानावर पाटी होती. कमळाने ती दाखवली आणि आईचा हात सोडून चार पावलं मागे झाली. रस्त्यावरून बैलगाडी गेली, तीही तिला ऐकू आली नाही.

सोनूबाईने पाटीकडे पाहिलं. सवयीने मान डावीकडे केली. डावीकडे मोकळा रस्ता होता, ऊन होतं, दुसरं कुणी नव्हतं. तिने मान सरळ केली. पहिल्या अक्षराकडे बोट केलं. एक बाई हुंदका दाबत होती.

"कं… कंदील," सोनूबाई म्हणाली. "कंदील व… चि… चिम… चिमण्या." ती थांबली, कपाळावर आठ्या घालून पाटीवर रुसल्यासारखी बघत राहिली. "दू… नाय, नाय. दुरुस्त. दुरुस्त करून मि… ळ… तील."

आणि मग तिने लेकीकडे पाहिलं आणि तोंड झाकून अशी हसली, की कमळाला ती पहिल्यांदाच इतकी लहान दिसली. आनंदीबाईंनी भर रस्त्यात सोनूबाईला मिठी मारली. सुकटाच्या वासासकट.

९

मंडळी गेली. पंत तर जाता जाता दोनदा परत येऊन 'उत्तम झालं, उत्तम झालं' म्हणून गेले. आई दिवेलागणीला घरी जायला निघाली, तिला आता वाटेतल्या सगळ्या पाट्या वाचायच्या होत्या.

कमळा एकटीच मागच्या खोलीत आली. खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन बाकापर्यंत आलं होतं. ती बसली, नवं तिकीट घेतलं, त्यावर एकविसावा क्रमांक घातला आणि टाक दौतीत बुडवला. ही नोंद कुणी मागितली नव्हती आणि ती कुठल्या सभेत वाचली जाणार नव्हती. पण या खोलीत वाचणाऱ्या प्रत्येकीचं तिकीट असायला हवं, आणि एकीचं नव्हतं.

"नाव?" तिने मान वर न करता विचारलं.

अंगणात रातांब्याची पानं सळसळली. ती टाक धरून बसून राहिली. वाचकाला घाई करायची नसते.

मग कपाटामागून आवाज आला. एकेक अक्षर सुटं सुटं, अडखळत, जसं काही हे नाव कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. कमळाने ते अक्षरामागून अक्षर लिहून घेतलं. शाई वाळू दिली. खाली स्वतःची सही केली.

मग उठून ती कपाटाशी गेली आणि तिकीट चार बोटांच्या फटीत सरकवलं. अर्धं आत गेलं आणि पलीकडून कुणीतरी धरलं. क्षणभर ते दोघींच्या हातांत ताणलं गेलं, आणि मग कमळाने सोडून दिलं.